आमच्या जनसंवाद विभागात शिकवतं कोण? विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत विभागाच्या दारात उभं राहून पालक दोन गोष्टी हमखास विचारतात : फी किती, आणि नोकरी लागते का. पोराला शिकवणार कोण, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. आमचं महाविद्यालय तापीकाठच्या तालुक्याच्या गावातलं, लहानसं. चोपडा, यावल, अमळनेर, शिरपूर अशा चहूबाजूंनी मुलं एसटीने येतात. गेल्या काही वर्षांत शिक्षकांबद्दल जे जे विचारलं गेलं, त्याची उत्तरं मी इथे एकत्र लिहिली आहेत. मी याच विभागात भाषा आणि संपादन शिकवते.

विभागात एकूण शिक्षक किती?

पूर्णवेळ दोघं : विभागप्रमुख सर आणि मी. तासिका तत्त्वावर तिघं. त्यांपैकी एक तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात आणि माध्यमांचा कायदा शिकवतात. दुसऱ्या मॅडमनी रेडिओसाठी बरीच वर्षं कार्यक्रम लिहिले आणि सादर केले. आवाज, उच्चार आणि श्राव्य लेखन त्यांच्याकडे. तिसरे सर कॅमेरा आणि व्हिडिओ संपादन शिकवतात. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. याशिवाय वर्षातून चार-पाच वेळा बाहेरून कुणी ना कुणी येतं : डेस्कवरचे उपसंपादक, तालुका बातमीदार, एखाद्या वेळी कृषी खात्यातले अधिकारी.

फक्त दोन पूर्णवेळ शिक्षक? शिकवणं कमी पडत नाही का?

काही ठिकाणी पडतं. चित्रपटाचा अभ्यास, आकडेवारीवर आधारित पत्रकारिता, जाहिरात संस्थांचं काम या विषयांत आमच्याकडे खोलवर शिकवणारं माणूस नाही. ज्याला तेच करायचं आहे त्याला आम्ही पहिल्याच भेटीत तसं सांगतो आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांची माहितीही देतो.

पण वर्ग लहान असल्याचा एक फायदा आहे. तुम्ही लिहिलेली प्रत्येक बातमी इथे शिक्षक स्वतः वाचतो, आणि वाचतो म्हणजे ओळीवर पेन ठेवून वाचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. एकूण काम ४० तासांचं धरलेलं आहे. उरलेल्या तासांतला मोठा भाग आमच्याकडे कॉपी, म्हणजे मुलांनी लिहून आणलेला मजकूर, तपासण्यात जातो. तो कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाही.

तासिका तत्त्वावरचे शिक्षक म्हणजे नेमकं काय? ते ‘पक्के’ नसतात का?

सोप्या भाषेत : जेवढे तास घेतले, तेवढ्या तासांचं मानधन. लोक याला ‘सीएचबी’ (क्लॉक अवर बेसिस) म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. नेमणूक त्या त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेलच असं नसतं. मी स्वतः चार वर्षं दुसऱ्या एका महाविद्यालयात अशीच शिकवत होते. दिवाळीआधीच्या तासांचे पैसे होळीला हातात पडायचे. त्या दिवसांत वर्गात उभं राहून शिकवण्यासाठी काय लागतं, ते मला ठाऊक आहे.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. ‘ते तासिकावाले सर’ असा उल्लेख करू नका. वर्गात सगळे सर आणि मॅडमच असतात. आमचे कायद्याचे सर कोर्टातलं काम उरकून, काळा कोट काढून, दुपारच्या तासाला मोटारसायकलवर येतात. त्यांच्याकडून मुलं जे शिकतात ते मला शिकवता येणार नाही.

शिक्षक होण्यासाठी शासनाची पात्रता काय? तुमचे सगळे शिक्षक ती पूर्ण करतात का?

सहायक प्राध्यापक पदासाठी संबंधित विषयात किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) लागते. मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक आहे. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र पीएच.डी. लागतेच.

विभागप्रमुख सर आणि मी ही पात्रता पूर्ण करतो. रेडिओच्या मॅडमची सेट झालेली आहे. वकील सर आणि स्टुडिओचे सर यांना आम्ही त्यांच्या कामाच्या अनुभवासाठी बोलावतो. ते प्रात्यक्षिक आणि विशेष तास घेतात, आणि त्या विषयांची विद्यापीठीय जबाबदारी पूर्णवेळ शिक्षकांकडे राहते. शंका असेल तर कार्यालयात या, नेमणुकीची कागदपत्रं बघा. असं विचारल्याचा आम्हाला राग येत नाही. आम्ही मुलांना हेच शिकवतो.

ज्यांनी कधी वर्तमानपत्रात काम केलं नाही, ते पत्रकारिता काय शिकवणार?

हा प्रश्न मला दरवर्षी एखादे आबा किंवा नाना विचारतात, आणि तो रास्त आहे. विभागप्रमुख सरांनी वर्तमानपत्रात नोकरी केलेली नाही. ते माध्यमांचा इतिहास, संशोधन पद्धती आणि संवादाचे सिद्धान्त शिकवतात. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा अर्धा मजकूर मराठीत आणि अर्धा इंग्रजीत का होता, तो कोण वाचणार होतं, छापण्याचा खर्च कोण सोसणार होतं, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर आजचं वर्तमानपत्र वेगळं दिसायला लागतं. त्यासाठी डेस्कवर बसलेलं असण्याची गरज नाही, ग्रंथालयात बसलेलं असण्याची आहे.

बातमी लिहिण्याचं तसं नाही. ती ज्याने मुदतीच्या आत लिहिली आहे, ज्याच्या चुकीमुळे दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला आहे, त्यानेच शिकवावी असं माझं ठाम मत आहे. मी अकरा वर्षं वर्तमानपत्रात रात्रपाळीच्या डेस्कवर होते.

या अडचणीवर आयोगाने २०२२मध्ये एक वाट काढली : ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. एखाद्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेल्या माणसाला औपचारिक पदव्या नसल्या तरी शिकवायला घेता येतं. अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि मुदत साधारण ३ वर्षं, फार तर ४. योजना चांगली आहे. पण ज्या विभागात पदंच दोन, तिथे दहा टक्के म्हणजे किती होतात ते तुम्हीच बघा. लहान महाविद्यालयांसाठी हा हिशेब वेगळा करायला हवा.

कॉपी तपासतात म्हणजे नक्की काय करतात?

याचं उत्तर उदाहरणानेच देते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने लिहिलं होतं : ‘केळीच्या भावात प्रचंड घसरण झाल्याने शेतकऱ्यांमध्ये संतापाची लाट पसरली आहे.’ वाक्य वाचायला बरं वाटतं. मी त्याला समोर बसवलं आणि विचारत गेले. भाव किती झाला? क्विंटलला की आणखी कशाला? काल किती होता? हा भाव रावेरच्या बाजार समितीने जाहीर केलेला की बऱ्हाणपूरचा? नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीचा, की पिलबागेचा, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेल्या बागेचा? जाहीर भाव एक आणि बागेत व्यापारी प्रत्यक्ष देतो तो दुसरा, मग तू कोणता लिहितो आहेस? संताप कुणी व्यक्त केला, तू किती जणांशी बोललास?

मुलगा शेतकऱ्याच्या घरातला. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याला वडिलांकडून माहीत होती, पण ती बातमीत लिहायची असतात हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, ‘संतापाची लाट’ लिहिलं म्हणजे बातमी झाली. त्याने ती तीनदा लिहिली. तिसऱ्या वेळी पहिल्याच वाक्यात आकडा होता, दुसऱ्यात ज्याची बाग तोडायला आलेली आहे तो माणूस होता, आणि ‘लाट’ गेली होती.

दुसरं उदाहरण पावसाळ्याचं. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पाऊस वाढला की दरवाजे उघडल्याच्या बातम्या मुलं उत्साहाने आणतात. पाटबंधारे खात्याच्या निरोपात विसर्ग कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असतो, कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. एका अक्षराची गफलत झाली की नदी कागदावर पस्तीस पट फुगते, किंवा तेवढीच आटते. तापीच्या खालच्या अंगाला गावं आहेत आणि तिथले लोक ती बातमी वाचून गुरं सोडायची की नाही ते ठरवतात. म्हणून या एका शब्दावर आम्ही अख्खा तास घेतो : किती दरवाजे, किती मीटरने उघडले, विसर्ग कोणत्या एककात, ही माहिती किती वाजताची आणि कुणी दिली.

तपासलेली कॉपी परत मिळते. तीवरचे लाल शेरे बघून पहिल्या महिन्यात काही मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा आम्ही शेजारी बसतो, चहा मागवतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो.

घरी अहिराणी बोलतो. शिक्षक समजून घेतील का, की ‘शुद्ध बोला’ म्हणतील?

या प्रश्नामागची भीती मला चांगली माहीत आहे, कारण मीही घरी अहिराणीच बोलत वाढले. शाळेत ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटलं म्हणून उभं राहिले आहे. आमच्या विभागात असं होत नाही आणि होऊ देणारही नाही.

खानदेशात एक भाषा नाही. धुळ्याकडची अहिराणी, रावेर-यावल पट्ट्यातली लेवा बोली, शहादा-तळोद्याकडची गुजरी, सातपुड्यातल्या भिली आणि पावरी. वर्गात यातल्या तीन-चार तरी असतात. रेडिओच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला घरच्या बोलीत दोन मिनिटं बोलायला लावतात आणि ते ध्वनिमुद्रित करतात. मुलं आधी लाजतात, मग एकमेकांना शब्दांचे अर्थ विचारायला लागतात.

प्रमाण मराठी मात्र शिकावीच लागते, आणि आम्ही ती कसून शिकवतो. बातमी कोल्हापूरच्या माणसालाही कळली पाहिजे. खरा प्रश्न येतो तो अवतरणाचा. गावातली बाई म्हणते, ‘नळले पानी उनं नही.’ बातमीत हे वाक्य कसं लिहायचं? आमचा संकेत असा : वाक्य छोटं असेल आणि अर्थ सहज कळत असेल तर तिचं जसंच्या तसं ठेवा. लांब असेल तर प्रमाण मराठीत आणा, पण मग अवतरणचिन्हं काढा, कारण ते शब्द तिचे राहिले नाहीत. आणि साहेबाचं बोलणं प्रमाण मराठीत, बाईचं तेवढं बोलीत, असा भेद एकाच बातमीत करू नका. वाचकाच्या मनात कोण शहाणं आणि कोण अडाणी हे त्यातून ठरून जातं.

अर्थाच्या बाबतीतही सांभाळावं लागतं. अहिराणीत ‘भलता चांगला माणूस’ म्हणजे फार चांगला माणूस. तिकडे पुण्याच्या डेस्कवर ‘भलता’ हा शब्द दुसऱ्याच अर्थाने वाचला जाईल. हा फरक जाणणारा बातमीदार खानदेशातूनच मिळणार.

माध्यमांचा कायदा शिकवायला वकीलच का?

कारण मुलं खेड्यात बातम्या करणार आहेत आणि तिथे चूक झाली तर सांगायला वरिष्ठ जवळ नसतो. बाल लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. बलात्कार पीडितेच्या ओळखीबाबत आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं. पाठांतराला हे सोपं आहे. पण सर वर्गात विचारतात : नाव नाही लिहिलं, फक्त गाव, वय आणि ‘आश्रमशाळेतील आठवीची विद्यार्थिनी’ एवढंच लिहिलं, तर? शहरात यातून ओळख पटणार नाही कदाचित. आठशे वस्तीच्या पाड्यात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. कायद्यात घर, शाळा, शेजार असा कुठलाही तपशील येतो, हे तेव्हा नीट उमगतं.

माहिती अधिकाराचं प्रात्यक्षिकही तेच घेतात. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. या मर्यादेबद्दल अनेकांची तक्रार असते. आम्हाला मात्र वर्गात तिचा उपयोग झाला : दीडशे शब्दांत एकही संदिग्ध प्रश्न न ठेवता अर्ज लिहिणं, हा लेखनाचा उत्तम सराव ठरतो. मुलं आपापल्या ग्रामपंचायतीला खरोखरचे अर्ज करतात. उत्तर नाही आलं तर पहिलं अपीलही तीच लिहितात.

कॅमेरा शिकवणारे सर लग्नाचं शूटिंग करतात म्हणे?

हो, करतात. लग्नसराईत त्यांचे तास सकाळी लवकर ठेवावे लागतात. लग्नात पुन्हा ‘टेक’ मिळत नाही. अक्षता एकदाच पडतात. गर्दी, कमी उजेड, मध्येच येणारे पाहुणे, बंद पडलेला माइक, या सगळ्यात नेमका क्षण पकडायची सवय ज्याच्या हाताला आहे, तो मोर्चा किंवा मदतकार्य चित्रित करायला शिकवू शकतो. आमच्याकडे एक कॅमेरा, दोन स्टँड आणि काही कॉलर माइक आहेत. बाकी काम मुलांच्या मोबाइलवर चालतं. सर आधी आवाज शिकवतात, मग चित्र. बाइट, म्हणजे माणसाचं बोलणं, ऐकूच आली नाही तर चित्राचं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

मराठी टायपिंग कोण शिकवतं?

मी. पहिल्या सत्रात, युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या मुलांना हे आधी जड जातं. पण दोन महिन्यांत बोटं बसतात. ‘ऱ्हायना’ मधला ऱ नीट उमटला पाहिजे, तो ‘र्‍’ च्या जागी दुसरंच काही होऊन येता कामा नये, एवढी बारकाई मी बघते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायलाही शिकवते, कारण गावोगावच्या छापखान्यांत तो अजून भरपूर आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरलेली शिक्षकांना चालतात का?

शीर्षकाचे पर्याय शोधायला, लांब अहवालात एखादा मुद्दा कुठे आहे ते हुडकायला चालतात. बातमी लिहायला नाही. बातमीसोबत वही दाखवावी लागते : कुणाशी बोललात, किती वाजता, काय म्हणाले. वहीत नाही ते बातमीत नाही. आणि ज्याने विश्वासाने माहिती दिली त्याचं नाव कुठल्याही यंत्रात भरायचं नाही, यावर आम्ही सगळे शिक्षक एकमताने कडक आहोत.

शिक्षकांना तासांव्यतिरिक्त कधी भेटता येतं?

रोज दुपारी तीन ते साडेचार. पालकांनी शनिवारी यावं. आठवडे बाजाराच्या दिवशी बरेच जण येतात, तेही चालतं, फक्त आधी फोन करा.

मुलीला रात्रीच्या कार्यक्रमाच्या वार्तांकनाला पाठवतात का? सोबत कोण असतं?

पाठवतो, एकटीला नाही. सारंगखेड्याची यात्रा असो की गावातलं रात्रीचं वहीगायन (खानदेशातली लोककला), गट चार-पाच जणांचा असतो आणि एक शिक्षक सोबत असतो. बहुतेकदा मी किंवा रेडिओच्या मॅडम. शेवटची एसटी निघून जाणार असेल तर मुलींच्या मुक्कामाची सोय आधी ठरते, मगच कार्यक्रम ठरतो. पालकांना आधी सांगितलं जातं.

काही आई-वडील म्हणतात, तिला घरी बसून करण्यासारखं काम द्या. मी त्यांना एवढंच विचारते की पाण्याच्या टँकरपुढे रात्री रांगेत उभ्या असलेल्या बायका कुणाशी मोकळेपणाने बोलतील. ते विचार करतात. बहुतेक जण हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांच्या मुलींना आम्ही दिवसाची कामं देतो, त्यांचे गुण कापत नाही.

शिक्षक कुठल्या पक्षाचे? संस्थेच्या विरोधात बातमी करता येते का?

प्रत्येक शिक्षक मतदार आहे, त्याला मत आहे. वर्गात ते मत लादणं आमच्याकडे चालत नाही. निवडणुकीच्या काळात सराव म्हणून एकाच सभेची बातमी सगळ्यांना लिहायला लावतो आणि मग नावं झाकून वाचतो. लिहिणारा कुणाचा समर्थक आहे हे ओळखू आलं, तर ती पुन्हा लिहायची.

संस्थेबद्दलच्या बातम्या विभागाच्या भित्तिपत्रकात आल्या आहेत. वसतिगृहाच्या पाण्यावर आली, ग्रंथालयाच्या वेळेवर आली. दर वेळी आधी कार्यालयाची बाजू घेतली गेली. प्रत्येक वेळी ते सगळ्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही. विभागप्रमुख सर तेव्हा मुलांच्या पुढे उभे राहिले.

इंटर्नशिप शिक्षक लावून देतात का?

ओळख करून देतात; काम तुम्हाला मिळवावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबारची वर्तमानपत्रं, जळगाव आकाशवाणी, शेतीविषयक वाहिन्या, साखर कारखान्यांचे आणि रुग्णालयांचे जनसंपर्क विभाग इथे आमची मुलं जाऊन आली आहेत. जाण्याआधी शिक्षक त्या ठिकाणी बोलतात : काम काय देणार, वेळ काय, प्रवासखर्च मिळणार का. महिनाभर नुसते फोन उचलायला लावले तर आम्ही विद्यार्थ्याला परत बोलावतो. एकदा बोलावलंही आहे.

मोठ्या शहरात शिकलेले शिक्षक नाहीत, मग इथे राहून पोरं काय शिकणार?

विभागप्रमुख सर पुण्यात शिकले. पण त्यावर मला भर द्यायचा नाही. शहाद्याजवळचं टेंभली आमच्या बहुतेक मुलांना माहीत असतं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार तिथे दिलं गेलं. पंतप्रधान आले, दिल्लीचे कॅमेरे आले आणि संध्याकाळी परत गेले. त्यानंतर त्या लोकांचं काय झालं, बोटांचे ठसे उमटेनात तेव्हा रेशन कसं मिळालं, कामाला गुजरातेत गेलेल्यांचं काय झालं, हे विचारायला दिल्लीहून रोज कुणी येणार नाही. सर दरवर्षी एक प्रकल्प असा देतात : जिथे एकदा सगळे येऊन गेले, तिथे आता जा. शिक्षकाने असं काम द्यावं, आणि मुलाला तिथे पोचायला दीड तास लागावा. शहरातल्या विभागांना ही सोय नाही.

शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले तर?

तासिका तत्त्वावर हे होतं. दोन वर्षांपूर्वी एका मॅडमना दुसरीकडे पूर्ण पगाराची जागा मिळाली आणि त्या सत्राच्या मध्यावर गेल्या. आम्हाला वाईट वाटलं आणि त्यांच्यासाठी आनंदही झाला. उरलेले तास आम्ही दोघांनी वाटून घेतले. त्यांनी तपासलेल्या कॉप्या आणि टिपणं विभागातच होती, म्हणून मुलांचं काम अडलं नाही. तेव्हापासून प्रत्येक विषयाची एक वही विभागात ठेवतो : काय शिकवून झालं, कोण कुठे अडतंय.

शिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर कुठे जायचं?

आधी माझ्याकडे किंवा विभागप्रमुखांकडे या. आमच्याविरुद्धच असेल तर थेट प्राचार्यांकडे. आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करायची, शक्यतो तीन महिन्यांच्या आत. या समितीच्या सदस्यांचे फोन क्रमांक विभागाच्या दारावरच लावले आहेत. तक्रार केली म्हणून कुणाच्या गुणांना हात लागणार नाही. उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडे देण्याची मागणीही करता येते.

मलाच पुढे असा शिक्षक व्हायचं आहे. काय करू?

पदवीनंतर जनसंवाद आणि पत्रकारितेत एम.ए. करा, ५५ टक्क्यांच्या वर. नेट वर्षातून दोनदा होते. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन्हींत पहिला पेपर १०० गुणांचा, अध्यापन-संशोधन क्षमतेचा. दुसरा २०० गुणांचा, विषयाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. नेट देशभर चालते, सेट या दोन राज्यांपुरती.

आणि मधली तीन-चार वर्षं कुठे तरी प्रत्यक्ष काम करा. तालुका बातमीदार म्हणून करा, रेडिओत करा, एखाद्या संस्थेचं प्रसिद्धीपत्रक लिहा. आमची एक माजी विद्यार्थिनी आता नंदुरबारकडे तासिका तत्त्वावर शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता : ‘मॅडम, पोरांच्या कॉप्या तपासायला घेतल्या, लाल पेन हातात धरलं आणि पहिल्याच ओळीत ‘संतापाची लाट’ भेटली. काय लिहू?’ मी म्हटलं, भाव विचार.